डायपरची माहिती कंपनीकडे, डायपर मावशींकडे



बाळाने घाण केलेला डायपर ओल्या कचऱ्यात टाकायचा की सुक्या? कार्यकर्त्यांच्या शिबिरात मी हा प्रश्न विचारते तेव्हा आधी हशा पिकतो, मग गोंधळ होतो. याचं उत्तर नियमात लिहिलेलं होतं. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी सांगितलं की, वापरलेला डायपर कंपनीने दिलेल्या पिशवीत किंवा दुसऱ्या कशात नीट गुंडाळा आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाका. सुका कचरा म्हणजे काय? कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक. ज्यात हात घालून आमच्या बाया पोट भरतात तो. म्हणजे माणसाची विष्ठा नियमानेच त्यांच्या ताटात वाढली.

मी पुण्यात कचरावेचक बायांसोबत काम करते. त्या बहुतांश दलित आहेत, हे वेगळं सांगायला नको. वर्गीकरणाच्या शेडमध्ये बसलं की डायपर नावाची वस्तू खरी कळते. आतला लगदा आणि पाणी शोषणारी रासायनिक पूड ओली होऊन फुगलेली असते. वर-खाली प्लॅस्टिक. खत होत नाही, भंगारात भाव नाही. लोक ते वर्तमानपत्रात गुंडाळतात, त्यावर काळी पिशवी, तिला गाठ. पण तशाच काळ्या पिशवीत कधी दुधाच्या पिशव्या निघतात आणि त्यांना भाव असतो. त्यामुळे उघडून बघावंच लागतं. एक मावशी म्हणाल्या, "त्यांना लाज वाटते म्हणून ते बांधतात. सोडायला आम्हीच."

मला या एका वाक्यात खाजगीपणाचं सगळं राजकारण दिसतं. घराची लाज झाकली गेली, पण झाकण्याची किंमत दुसऱ्याच बाईच्या हातांनी मोजली. खरं तर दोन्ही साधता येतं. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या बायांनी लाल ठिपक्याची मोहीम चालवली: कागदात गुंडाळा आणि वर एक लाल ठिपका काढा. आत काय आहे ते कुणाला दिसत नाही आणि मावशींना उघडावंही लागत नाही. एका ठिपक्याचं काम. ते सोसायट्यांना अजून जमत नाही.

आता कंपनीकडे वळू. माझ्या वहिनीचं बाळंतपण एका खाजगी दवाखान्यात झालं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी कॉटपाशी आली, फुकट डायपरची पिशवी दिली आणि फॉर्म भरून घेतला. आईचं नाव, मोबाईल, बाळाची जन्मतारीख, मुलगा की मुलगी. टाके ओले असलेली बाई अशा वेळी अटी-शर्ती विचारत बसत नाही, हे ती पिशवी वाटणाऱ्यांना पक्कं माहीत असतं. तेव्हापासून मेसेज सुरू झाले. बाळ चार महिन्यांचं झालं, साईज बदला. सहा महिन्यांचं झालं, रात्रीसाठी वेगळा घ्या. वहिनीने दोन नंबर ब्लॉक केले, तर तिसऱ्यावरून आला. आमच्या निम्म्या नातेवाइकांना बाळाची तारीख आठवत नाही, कंपनीला आठवते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांच्याकडे रोखलेल्या जाहिरातींना मनाई केली आहे. पण सहा महिन्यांचं बाळ जाहिरात वाचत नाही, त्याची आई वाचते. फट एवढीच आहे, पण तिच्यातून अख्खा धंदा आरामात जातो.

हिशोब करू. दिवसाला पाच धरले तर एका बाळाचे वर्षाला १,८२५ डायपर होतात. कंपनीला बाळाचं वय माहीत, साईज माहीत, आईचा नंबर माहीत. इतकी बारीक नजर असलेल्या कंपनीला हे १,८२५ डायपर पुढे कुठे गेले असं विचारा, लगेच ती आंधळी होते. ती ग्राहकाची जबाबदारी, पालिकेची जबाबदारी! विकताना जिला घरात डोकावता येतं, तिला उकिरड्यावर मात्र काहीच दिसत नाही.

नियमाने तिला ही मुभाही दिली. २०१६ च्या नियमांत डायपर आणि सॅनिटरी पॅडच्या उत्पादकांना सांगितलं होतं की, पुनर्वापर होईल असं साहित्य वापरण्याची शक्यता तपासा, नाहीतर प्रत्येक नगासाठी गुंडाळायची पिशवी पाकिटासोबत द्या. शक्यता तपासा! कचरा वेचणाऱ्या बाईला कुणी असा पर्याय दिला होता का?

आणि शक्यता नाही असंही नाही. 'मॅमीपोको पँट्स' विकणारी युनिचार्म ही जपानी कंपनी त्यांच्या देशात, कागोशिमा प्रांतातल्या शिबुशी आणि ओसाकी या गावांसोबत वापरलेले डायपर वेगळे गोळा करते, ओझोनने निर्जंतुक करते आणि त्यातला लगदा पुन्हा वापरात आणते. तिथे होतं ते इथे का होत नाही? मला तरी एकच कारण दिसतं. इथे हे काम फुकटात उरकणारे हात जातीने आधीच तयार करून ठेवले आहेत. एम.ए.ला श्रमविभागणी शिकले ती दुर्खाइमच्या पुस्तकातून. पण जात श्रमाबरोबर श्रमिकांचीही विभागणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवलं होतं. ते शेडमध्ये दुपारभर बसलं की पाठ करावं लागत नाही.

कापडी लंगोट वापरा, असा सल्ला पर्यावरणवाले देतात. चांगलं आहे. पण धुणार कोण? बंगल्यात मोलकरीण, वस्तीत आई, जिच्या नळाला तासभर पाणी येतं. बाईच्या पाठीवरचं ओझं वाढवून पृथ्वी वाचवायची ही युक्ती मला मान्य नाही.

मावशींनाही घराघरातलं सगळं माहीत असतं. कुठे तान्हं बाळ आहे, कुणाला इन्सुलिन चालू आहे, कुणाच्या पिशवीत रोज बाटली निघते. चहाला बसल्यावरही त्या घराचं नाव घेत नाहीत. गोपनीयतेचं धोरण त्यांनी कुठे छापलेलं नाही, पाळतात मात्र. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं आणि त्याचं नातं माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडलं. ती प्रतिष्ठा पाकीट विकत घेणाऱ्यालाच आहे का?

२०१३ साली 'स्वच्छ'च्या बायांनी वापरलेल्या सॅनिटरी पॅडच्या पिशव्या भरून थेट कंपन्यांना परत पाठवल्या होत्या. त्याच वर्षी हाताने मैला उचलण्याला बंदी घालणारा नवा कायदा आला. त्याच्या व्याख्येत अस्वच्छ संडास आहे, उघडं गटार आहे, रेल्वेचा रूळ आहे. डायपरमधला मैला नाही. मैला तोच, हात तेच, वर प्लॅस्टिक आलं म्हणून कायद्याला तो दिसेनासा झाला. पण केंद्र किंवा राज्य सरकार आणखी जागा अधिसूचित करू शकतं, अशी तरतूद त्याच व्याख्येत आहे. सुक्या कचऱ्याची वर्गीकरण शेड त्यात यावी, आणि डायपर वेगळा गोळा करण्याचा खर्च कंपन्यांकडून वसूल व्हावा, असं निवेदन आम्ही तयार करतो आहोत. त्यावर पहिले अंगठे आणि सह्या शेडमधल्या बायांच्या असतील.