पोटखराब

माझ्या लॅपटॉपमध्ये एक एक्सेल शीट आहे. तिच्यात सहाच ओळी आहेत. ताडोबा, गुगामल, पेंच, नवेगाव, संजय गांधी आणि चांदोली, म्हणजे महाराष्ट्रातली सगळी राष्ट्रीय उद्यानं. प्रत्येक नावापुढे जिल्हा, गेट, खर्च, ‘काय दिसलं’ आणि शेवटी हिरवी टिक. सहावी टिक पडायला साडेतीन वर्षं लागली. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरची, त्यामुळे रजा मिळणार दोन रिलीजच्या मधल्या फटीत. कोणी मित्र सोबत आला तर ठीक, नाहीतर एकटाच.

हे सगळं कशासाठी, असं ऑफिसात कुणी विचारलं की मी सांगायचो, निसर्ग आवडतो. ते खरंच होतं. पण मनात आणखी एक गोष्ट असायची. माझ्या गावाकडे निसर्ग नाही, असं मला वाटायचं.

माझं गाव सोनारी. तालुका परांडा, जिल्हा धाराशिव. पुण्यात कुणी विचारलं तर आम्ही ‘बार्शीच्या पुढे’ असं सांगतो, म्हणजे पुढचा प्रश्न टळतो. गाव ओळखलं जातं ते काळभैरवनाथाच्या देवळामुळे आणि तिथल्या माकडांमुळे. देवळात नारळ घेऊन चालताना हात छातीशी धरायचा असतो, हे आमच्याकडच्या पोरांना बाराखडीच्या आधी कळतं. बाकी शिवार म्हणजे ज्वारी, तूर, उडीद, पाणी असेल तिथे ऊस, आणि पाणी नसेल तिथे माळ. मुरमाड, पिवळा, उन्हाळ्यात बघवत नाही असा. शाळेत निबंधाला ‘निसर्गरम्य ठिकाणाची सहल’ आली की आम्ही सगळे महाबळेश्वरला जाऊन यायचो. मनातल्या मनात.

म्हणून पगार सुरू झाल्यावर खऱ्या निसर्गाकडे निघालो.

पहिलं ताडोबा. चंद्रपूर जिल्ह्यातलं, १९५५ सालचं, राज्यातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. मोहर्ली गेटवर पहाटेच्या थंडीत जिप्सीत बसलो आणि दोन्ही बाजूंनी बांबू सुरू झाला. तळ्याकाठी तारूबाचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना मेलेल्या गावप्रमुखाचा तो देव झाला, आणि त्याच्याच नावावरून ताडोबा, असं सांगतात. दुसऱ्या फेरीत वाघीण दिसली. रस्ता ओलांडायला तिला जेमतेम दहा सेकंद लागली. तो व्हिडिओ मी आजवर शंभरेक वेळा पाहिला असेल.

मग मेळघाटातलं गुगामल. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी मेळघाट एक. सातपुड्याचे सागाने भरलेले उतार, खोल दऱ्या, कोरकूंची गावं. इथे वाघ दिसला नाही. पण वाटाड्याने एका फांदीवर बसलेला रानपिंगळा दाखवला. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला दिसलाच नव्हता. तो संपला असं जग समजून चाललं होतं, आणि १९९७ मध्ये तो नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मूठभर पक्षी, पण डोळे असे की आपलाच बायोडेटा वाचतोय.

पेंचला मला जंगलाइतकाच रस्ता आवडला, हे इंजिनिअर असल्याचं लक्षण. नागपूरहून उत्तरेला जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग जंगलातून जातो, तिथे महाराष्ट्राच्या हद्दीत रस्ता उचलून खालून जनावरांसाठी नऊ वाटा ठेवल्यात. सगळ्यात लांब वाट ७५० मीटरची. खालून वाघ जातात, कॅमेऱ्यांत दिसलेत. वरून आपण ट्रकच्या मागे हॉर्न वाजवत जातो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

गोंदियाच्या नवेगावला तळं होतं, डोंगरांनी वेढलेलं, आणि हिवाळ्यात पक्ष्यांनी भरलेलं. मारुती चितमपल्ली तिथे वनाधिकारी होते. ते आमच्या शेजारच्या सोलापूरचे. त्यांचं ‘नवेगावबांधचे दिवस’ माझ्या बॅगेत होतं. जून २०२५ मध्ये ते सोलापुरातच गेले. बातमी वाचली तेव्हा वाटलं, हा माणूसही आपल्यासारखाच कोरड्या मुलखातून जंगलात गेला होता.

बोरिवलीचं संजय गांधी उद्यान मी एका शनिवारी आटोपलं. पाठीमागे इमारतींच्या रांगा, पुढे कान्हेरीची लेणी, आणि मधल्या झाडीत बिबटे. सगळ्यात शेवटी चांदोली, २००४ मध्ये घोषित झालेलं. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेलं. वारणेचं पाणी, काळोखी सदाहरित जंगल आणि वर उघडे सडे. काळ्या-तांबड्या जांभ्याच्या सपाट पाठीवर झाड नाही, सावली नाही. वाटाड्या म्हणाला, पावसाळ्यानंतर या, हा सगळा फुलतो. मग एका जागी थांबून त्याने जोतं दाखवलं. इथे गाव होतं, म्हणाला.

घरी आल्यावर अण्णांना, म्हणजे वडलांना, फोटो दाखवले. वाघीण त्यांनी एकदा बघितली आणि पुढे सरकवली. जोत्याच्या फोटोवर थांबले.

“मग ह्या लोकांचं काय केलं?”

“दुसरीकडं जमिनी दिल्या, अण्णा. पुनर्वसन.”

“मिळाल्या का सगळ्यांना?”

मला माहीत नव्हतं. शीटमध्ये तो रकाना नव्हता.

त्याच हिवाळ्यात, जानेवारी २०२५ मध्ये, अण्णांचा फोन आला होता. “आरं, येडशीला वाघ आलाय म्हणं.”

मी हसलो. येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य आमच्याच जिल्ह्यातलं, २२ चौरस किलोमीटरचं. तिथे शाळेची सहल जायची, महादेवाचं देऊळ आणि धबधबा बघायला. वाघ? पण खरंच होतं. डिसेंबरातच कॅमेऱ्यात त्याचा फोटो आला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला तरणा नर वाघ साडेचारशे किलोमीटरच्या आसपास चालत मराठवाड्यात उतरला होता. लोकांनी त्याचं नावही ठेवलं, रामलिंग. वनविभागाने त्याला पकडून सह्याद्रीत, म्हणजे माझ्या सहाव्या ओळीत, नेऊन सोडायचं ठरवलं. काही महिने पथकं मागावर होती. तो काही सापडेना.

“तू पैसे भरून बघाया जातूस,” अण्णा म्हणाले, “अन् त्यो हितं फुकट आलाय.”

मी नकाशा उघडून बसलो. टिपेश्वरहून येडशीला यायचं तर मधे कापूस, सोयाबीन, ऊस, रेल्वे, महामार्ग, गावंच गावं. राष्ट्रीय उद्यान एकही नाही. अख्ख्या मराठवाड्यात, आठ जिल्ह्यांत, एकही राष्ट्रीय उद्यान नाही. २०१९ मध्ये त्याच टिपेश्वरचा एक वाघ पट्टा गळ्यात असताना पाच महिन्यांत १,३०० किलोमीटर फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोहोचला होता, तोही बराचसा शेतांमधून. म्हणजे वाघ दिवसा कशात बसत असेल? ओढ्याकाठच्या बाभळी, गायरान, उसाचा फड आणि माळ. सातबाऱ्यावर ज्याला आपण काहीच म्हणत नाही, अशा जागांत.

काहीच म्हणत नाही, हेही खरं नाही. एक शब्द आहे.

आमची जमीन सहा एकरांच्या आसपास. त्यातली ८४ आर, म्हणजे दोन एकर तीन गुंठे, माळ आहे. सातबाऱ्यावर त्यापुढे लिहिलंय, ‘पोटखराब’. लागवडीला योग्य नसलेलं क्षेत्र. लहानपणी हा शब्द ऐकला की मला वाटायचं, जमिनीचं पोट बिघडलंय.

गेल्या दिवाळीत अण्णांनी विषय काढला. माळ सपाट करून घ्यायचा. जेसीबी लावायचा, तलावातला गाळ आणून टाकायचा, विहिरीवरून पाइपलाइन ओढायची. पहिली दोन वर्षं उडीद-सोयाबीन, मग ऊस. जमीन लागवडीखाली आणली की पोटखराबाची नोंदही बदलता येते. सगळ्याचा अंदाज एक लाख तीस हजार. निम्मे मी द्यावेत.

“नको,” मी म्हणालो.

माझं मलाच आश्चर्य वाटलं. त्या माळाबद्दल माझ्या तोंडून तोवर एकही चांगला शब्द निघाला नव्हता.

“का नको?”

मी सांगायला लागलो. गवताळ माळ ही पडीक जमीन नसते, ती स्वतंत्र परिसंस्था असते. आपल्याकडे झाडं असली तरच जंगल, अशी समजूत आहे. सहा उद्यानांत साग आहे, बांबू आहे, तळं आहे, सडा आहे, पण एकही उद्यान माळरानासाठी केलेलं नाही. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला वनविभागाने माळरानाची सफारी सुरू केलीय. मी पैसे भरून गेलो होतो. चिंकारा पाहिलं. आणि तिथलं गवत, मुरूम, बोरी, हिवर, सगळं हुबेहूब आपल्या माळासारखं होतं.

अण्णांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुझ्या सगळ्या फिरण्याचा खर्च किती झाला?”

शीटमध्ये खाली बेरीज आहे. एक लाख अठरा हजार. मी सांगितली.

“मला नाव नाय ठेवायचं. तुझे पैसे हायत. पण तुझं पार्क तुझ्या पगारावर चालतंय. माझा माळ माझ्यावर चालतोय.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. धाकट्या भावाच्या फार्मसीची फी, सोसायटीचं कर्ज, दोन वर्षं हातचं गेलेलं सोयाबीन, हे सगळं अण्णांच्या बाजूला. माझ्या बाजूला चिंकाऱ्याचा फोटो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा म्हणाले, चल, माळावर जाऊ, मोजायचंय. टेप घेऊन निघालो. ऑक्टोबर संपत आलेला, गवत कमरेला लागत होतं. मी फोन काढून पक्ष्यांचं ॲप उघडलं. ते नेटवर्क शोधत राहिलं. अण्णा पुढे चालता चालता बोलत होते. ही मारवेल, गुरं आवडीनं खातात. हा पवना. हे कुसळ, मेंढराच्या लोकरीत घुसलं की कातडीपर्यंत जातं. इथे खोकडाचं बीळ आहे, दर साली पिलं असतात. त्या बाजूला लांडगा बसायचा, आता दोन-तीन वर्षांत दिसला नाही. एक राखी पंखांचा शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून घिरट्या घालत गेला. मला कडबनवाडीच्या वाटाड्याने सांगितलं होतं, हा भोवत्या, मध्य आशियातून हिवाळ्याला येतो, रात्री गवतातच जमिनीवर झोपतो. अण्णांना सांगितलं.

“एवढ्या लांबनं?” ते थांबले. “मला वाटलं आपलाच हाय. दिवाळीला रोज असतोय.”

मग मी विचारलं, “अण्णा, माळढोक बघितलाय का कधी?”

माळढोक बघायला मी नान्नजला दोनदा गेलो होतो. सोलापूरजवळ, आमच्यापासून फार लांब नाही. १९७९ मध्ये अभयारण्य झालं तेव्हा त्याचं क्षेत्र कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, सोलापूर-नगरची गावंच्या गावं त्यात. लोकांना घर बांधायला, जमीन विकायला अडचण यायला लागली. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. माणसांचं गाऱ्हाणं खरं होतं, आणि पक्षीही कमी होत गेला. मला दोन्ही वेळा दिसली ती काळविटं. माळढोक नाही.

“माळढोक म्हंजे?”

“मोठा पक्षी. मीटरभर उंच. मानेला पांढरा...”

“हुमा म्हण की.” अण्णांनी टेपचं टोक जमिनीवर ठेवलं. “मेंढरामागं असायचो तवा. तिकडं, त्या बांधाच्या वर. एकदा अंडं पण बघितलंय, उघड्यावरच. एकच असतंय. आजा म्हणायचा, हात लावू नको, ती परत येत नाय.”

“इथं? आपल्या माळावर?”

“मग कुठं? तवा माळच माळ व्हता. आता ह्येवढाच राहिला.”

त्यांनी ते सहज सांगितलं, कालच्या बाजाराबद्दल सांगावं तसं. मी मात्र उभाच राहिलो. दोन वेळा नान्नज, दुर्बीण, मनोऱ्यावरची वाट बघणं. आणि ज्याने हुमा पाहिला होता, त्याला मी अठ्ठावीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मी विचारलं ते फक्त वाटाड्यांना, प्रत्येक फेरीचे पैसे देऊन.

आम्ही मोजणी पुरी केली. कुणी कुणाला पटवलं नाही. परत येताना अण्णा म्हणाले, “औंदा राहू दे. जेसीबीवाला पण लई सांगायलाय. पुढच्या साली बघू.”

त्यांनी माळासाठी थांबवलं की जेसीबीच्या दरासाठी, मला कळलं नाही. विचारलंही नाही. मी ठरवलंय की धाकट्याची उरलेली फी मी भरायची. त्याने माळ वाचेल असं नाही. एवढंच की पुढच्या साली हा विषय निघेल तेव्हा निदान फीसाठी माळ मोडावा लागणार नाही. ऊस लावायचा तर लावतील, जमीन त्यांची आहे.

पुण्याला आल्यावर शीट उघडली आणि सातवी ओळ घातली. नाव: आमचा माळ, सोनारी. क्षेत्र: ८४ आर. घोषित वर्ष: रिकामं. गेट: नाही. ‘काय दिसलं’ या रकान्यात लिहिलं: मारवेल, पवना, कुसळ, खोकडाचं बीळ, भोवत्या एक. मग अण्णांना फोन केला. हुमा नेमका कोणत्या साली दिसला होता, ते विचारायला. त्यांना साल आठवेना. म्हणाले, दुष्काळाच्या आदल्या की पुढच्या साली, आजीला विचारून सांगतो.

टिकेचा रकाना अजून रिकामा ठेवलाय.