एकट्या चौघी

लग्नाला चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत मी मुंबईला चार वेळा गेले. दोनदा नात्यातल्या लग्नांना, एकदा धाकट्या दिरांच्या ऑपरेशनला आणि एकदा ह्यांच्या मुलाखतीला. पण कुणी विचारलं, "मुंबई पाहिलीस का ग?" तर खरं उत्तर "नाही" असंच द्यावं लागेल. पाहिलं ते कार्यालयाचं स्वयंपाकघर, इस्पितळाचा जिना आणि मुलाखतीच्या कचेरीबाहेरचं बाक. तुमच्यापैकी पुष्कळजणींची मुंबई एवढीच असेल, मैत्रिणींनो!

हे मला जाणवलं ते वर्गात. सांगलीतल्या एका शाळेत मी आठवड्यातून तीन दिवस इतिहास शिकवते. बी.ए.चा तेवढाच उपयोग! १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आपल्याकडची पहिली प्रवासी आगगाडी धावली, असं मोठ्या तोऱ्यात सांगत होते. पहिल्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, "बाई, तुम्ही बोरीबंदर पाहिलंय?" मी म्हटलं, "पाहिलंय की!" पण मनात आलं, पाहिलंय म्हणजे काय? एका हातात सामान, दुसऱ्या हातात मुलाचं मनगट, आणि डोळे ह्यांच्या पाठीवर. मान वर करून ती इमारत कधी पाहिलीच नाही.

त्याच संध्याकाळी चौघींचं ठरलं. वैशाली, सुनीता, मनीषा आणि मी, कॉलेजात एकाच बाकावरच्या. चौघी सांगलीतच पडलो हे आमचं भाग्य. दर महिन्याला तीनशे रुपयांची भिशी लावायची, पण चिठ्ठी काढायची नाही. वर्षभर साठवायचं आणि मुंबई बघायला जायचं. नवरे नाहीत, मुलं नाहीत, फक्त चौघी. जानेवारीत पहिला हप्ता जमला. हिशेबाची वही अर्थातच माझ्याकडे आली, कारण मी 'बाई'!

घरी सांगितलं तेव्हा हे पेपर खाली न घेताच म्हणाले, "एकट्या जाणार?"

"एकट्या कशा? चौघी आहोत."

"तेच ते. एकट्या चौघी."

मला हसूच आलं. दोन पुरुष निघाले की 'दोघं मिळून' जातात, आणि चार बायका निघाल्या तरी त्या 'एकट्या'च! सासूबाई मात्र काही बोलल्या नाहीत. रात्री भांडी लावताना हळूच म्हणाल्या, "जाऊन ये. मी मुंबईला पंधरा दिवस होते, पण तुझ्या सासऱ्यांच्या उशाशी. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणत होत्या सगळ्या. मी काही उठून पाहिला नाही."

बायकांची सहल ठरवणं म्हणजे काय, हे ज्यांनी ठरवली त्यांनाच ठाऊक. आधी तारखा. शाळेच्या परीक्षा नकोत, घरात सणवार नको, आणि चौघींच्या महिन्याच्या अडचणीही टाळायच्या. वैशालीनं चक्क कॅलेंडरवर चार रंगांच्या पेन्सिलींनी खुणा केल्या. मग गाडी. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून सुनीता एस.टी.च्या बाजूची. पण रात्रभर बसून जायचं, आणि वाटेत गाडी कुठे थांबेल नि तिथलं बाथरूम कसं असेल, याचा भरवसा नाही. पुरुष माणसं कुठेही उभी राहतात. आपण मात्र निघायच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायचं बंद करतो. शेवटी महालक्ष्मी एक्स्प्रेस ठरली. रात्री आडवं व्हायचं आणि सकाळी मुंबई.

इथवर सगळं छान होतं. बिघडवलं ते मी.

वही माझ्याकडे होती ना! दर महिन्याला जमलो की तिच्यात काहीतरी वाढायचं. आधी एकच खोली होती, मग "एकदाच जायचं तर दोन घेऊ या" झालं. साध्या डब्याऐवजी ए.सी. डबा आला. एका रात्री चांगल्या हॉटेलात जेवण आलं. क्रॉफर्ड मार्केटच्या खरेदीला माणशी हजार आले. दरवेळी मी विचारायची, "चालेल ना ग?" आणि तिघी म्हणायच्या, "चालेल की!" दसऱ्यापर्यंत माणशी छत्तीसशेचे सहा हजार झाले. मला त्याचा अभिमानच वाटत होता.

डिसेंबरात शेवटचा हप्ता द्यायच्या दिवशी मनीषाचा फोन आला. "मला नाही ग जमणार. सासूबाईंना बरं नसतं. माझे पैसे तेवढे परत देशील?"

मी फटकन बोलून गेले, "तुझं नेहमीचंच आहे. वर्षभर हो हो करायचं आणि ऐनवेळी अंग काढायचं!"

पलीकडून काहीच उत्तर आलं नाही. तिनं फोन ठेवला.

दोन दिवस मी घुश्शातच होते. तिसऱ्या दिवशी पैसे पाकिटात घालून तिच्या घरी गेले. दारात तिच्या सासूबाई मेथी निवडत बसलेल्या, चांगल्या खणखणीत. म्हणाल्या, "ये ग. बघ तूच सांग हिला. मी म्हणते जाऊन ये चार दिवस, तर ऐकत नाही. नातवाच्या फीचं बघायचंय म्हणते."

मला खाली बघावंसं वाटलं. मनीषाच्या यजमानांच्या कारखान्यात सहा महिन्यांपासून पाळ्या कमी झाल्या होत्या. मला ते माहीत होतं. माहीत असून मी वहीत खरेदीचे हजार रुपये वाढवले होते.

मनीषा चहा घेऊन आली. पाकीट तिच्या हातात देताना मला शब्द सुचेना. तीच म्हणाली, "आणि हे बघ, सोमवारी घारापुरी ठेवली आहेस ना? सोमवारी लेणी बंद असतात. रविवारी करा. बाकी सगळं बरोबर आहे वहीत."

जी येणार नव्हती, तिनंच घरी बसून आमची सहल तपासली होती! मला रडूच आलं.

त्या रात्री मला झोप आली नाही. आधी वाटलं, तिचे वरचे पैसे मी भरावेत. पण मनीषाला मी ओळखते. तिनं ते घेतले नसते, आणि घेतले असते तर पुन्हा मोकळेपणी हसली नसती. दुसऱ्या दिवशी वैशालीकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, मलाही कुठे झेपत होतं? मी तर ह्यांच्या नकळत बहिणीकडून उसने घेणार होते." सुनीताला विचारलं, तर ती पाटल्यांचा एक जोड गहाण ठेवायचं मनात धरून होती. आणि मी? मी पोस्टातलं आवर्ती खातं मोडणार होते!

म्हणजे चौघींपैकी एकीलाही ती सहल परवडत नव्हती. दुसरीचा विरस नको म्हणून प्रत्येकजण "चालेल की" म्हणत होती. खरं बोलली ती एकटी मनीषा, आणि तिलाही त्यासाठी सासूबाईंचं आजारपण पुढे करावं लागलं. आपण मैत्रिणींना नवऱ्याच्या सवयी सांगतो, सासूच्या कागाळ्या सांगतो, पण "माझ्याकडे पैसे नाहीत" हे साधं वाक्य काही तोंडातून निघत नाही.

रविवारी तिघी मनीषाच्या घरी धडकलो. वही उघडी ठेवली. जमलेले एकूण चौदा हजार चारशे. त्यातले छत्तीसशे मनीषाकडे गेलेले, ते फीला. उरले दहा हजार आठशे. चौघींनी भागले तर माणशी सत्तावीसशे. तेवढ्यात सहल बसवायची, एक रुपया वर नाही. मनीषानं आपले सत्तावीसशे पुढच्या नऊ महिन्यांत भिशीच्याच हप्त्यानं फेडायचे.

"माझ्यासाठी करू नका ग," ती म्हणाली.

सुनीता म्हणाली, "भिशीत पहिली चिठ्ठी जिची निघते, ती काय उपकार घेते? पैसे आधी उचलते आणि हप्ते नंतर भरते. तुझी चिठ्ठी निघाली असं समज."

मनीषानं जरा वेळ विचार केला आणि पेन्सिल हातात घेतली. काटछाट तिनंच केली. ए.सी. डबा गेला. जाण्यायेण्याला स्टेशनच्या रिक्षासकट साडेसहाशे. बोरीबंदरजवळच्या लॉजमध्ये चार खाटांची एकच खोली, दोन रात्री, माणशी अकराशे. शहरातलं फिरणं, होडी आणि तिकिटं मिळून साडेसहाशे. खाण्याला तीनशे, कारण दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि आमच्या सांगलीचं भडंग घरून न्यायचं. बेरीज बरोबर सत्तावीसशे. खरेदीच्या जागी तिनं शून्य लिहिलं, आणि खरं सांगते, कुणालाच वाईट वाटलं नाही.

मग एक नियम केला. प्रत्येकीनं आपल्याला हवी ती एक जागा सांगायची, आणि तिथे बाकीच्यांनी घड्याळ बघायचं नाही.

सुनीतानं घारापुरी सांगितली. गेटवेपासून होडीनं तासाभराचा रस्ता, वर शंभरावर पायऱ्या, आणि आत ती जवळजवळ वीस फूट उंच त्रिमुखी शंकराची मूर्ती. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत आहेत. होडी सुटते तो गेटवे १९२४ साली पुरा झाला. इंग्रजांची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी त्याच कमानीतून परत गेली, हे मी तिला मुद्दाम सांगितलं. पोरींना फळ्यावर सांगते, ते एकदा तिथे उभं राहून आठवायचं आहे.

वैशालीला लेणीबिणी काही नकोत. "मला मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर समुद्राकडे तोंड करून तासभर बसायचंय. कुणी 'चहा ठेव' म्हणणार नाही."

माझी जागा तुम्ही ओळखलीच असेल. १८७८ साली बांधायला घेतलेली आणि दहा वर्षांनी पुरी झालेली बोरीबंदरची इमारत. म्हणून दादरला न उतरता गाडीत शेवटपर्यंत बसायचं, आणि मान दुखेपर्यंत वर बघायचं.

मनीषानं राजाबाई टॉवर सांगितला. प्रेमचंद रायचंद नावाच्या धनिकानं विद्यापीठाला त्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि आपल्या आईचं नाव मनोऱ्याला दिलं. १८७८ साली तो पुरा झाला. आई अंध होती, घड्याळाच्या ठोक्यांवरून तिला वेळ कळावी म्हणून मुलानं मनोरा उभारला, असं सांगतात. ओव्हल मैदानाच्या कडेनं तो छान दिसतो, आणि बघायला पैसे पडत नाहीत. मनीषानं फुकटची जागा मुद्दाम निवडली, की खरोखर तीच हवी होती, हे मी विचारलं नाही. ते विचारू नये, एवढं शहाणपण या वर्षानं शिकवलं.

ज्यांना असा बेत करायचाय, त्यांच्यासाठी वहीतल्या चार गोष्टी सांगते. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, ती तारीख चुकवू नका. घारापुरी सोमवारी आणि राणीची बाग बुधवारी बंद, म्हणून वार आधी बघा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असला की होड्या बंद ठेवतात, तेव्हा हिवाळाच बरा. आपल्यासारख्यांनी सकाळच्या गर्दीत लोकलमध्ये घुसू नये, बायकांच्या डब्यातसुद्धा! ती वेळ नोकरीवाल्यांची. त्यांच्यासाठी तर ५ मे १९९२ पासून चर्चगेट-बोरिवली अशी अख्खी महिला विशेष लोकल सुरू झाली. आम्ही सोमवारी भुयारी मेट्रोनं सिद्धिविनायकाला जाणार आहोत. तो सगळा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरा सुरू झाला. आणि पैशाची एक गोष्ट सगळ्यात आधी करा. पहिल्याच बैठकीत प्रत्येकीनं झेपेल तो आकडा चिठ्ठीवर नाव न घालता लिहायचा, आणि सगळ्यात लहान आकडा निघेल ती सहलीची रक्कम.

परवा शुक्रवारी रात्रीची गाडी. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आम्ही परतलेल्या असू. तीन दिवसांचा स्वयंपाक कसा करायचा, तो कागद मी फडताळाच्या दारावर चिकटवलाय. ह्यांनी तो वाचून विचारलं, "कुकरच्या शिट्ट्या तीन म्हणजे डाळीच्या की भाताच्या?" म्हटलं, दोन्हींच्या. बोलता बोलता शेजारच्या काकांना सांगत होते, "ही निघालीय मुंबईला, मैत्रिणींबरोबर." या वेळी 'एकटी' म्हणाले नाहीत.

सासूबाईंनी माझ्या पिशवीत एक रिकामी छोटी बाटली ठेवली आहे. मी विचारलं, "ही कशाला?"

म्हणाल्या, "समुद्राचं पाणी आण थोडं. बघते तरी कसं असतं."