स्पिरिटचा वास

हिवाळा लागला की सेलूच्या हवेत कापूस येतो. बैलगाड्या कमी झाल्या, टेम्पो न् ट्रॅक्टर आले, पण जिनिंगच्या रस्त्याने जाताना बाभळीच्या काट्यांना, विजेच्या तारांना, कुणाकुणाच्या केसांनाही अडकलेले पांढरे पुंजके अजून तसेच दिसतात, आणि त्यांच्या मागून येतो सरकीचा वास, तेलकट, उबदार, जरासा झोपाळू. माझ्या मनात मात्र कापूस म्हटलं की हा वास आधी येत नाही. आधी येतो स्पिरिटचा. थंड, टोकदार, नाकात शिरून लगेच उडून जाणारा. ताईच्या बोटांचा वास.

ताई वालूरच्या पलीकडच्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका होती. एएनएमची दोन वर्षं करून लागलेली, कंत्राटी. संध्याकाळी ती घरी यायची, न्हाणीत साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची, मग कणीक मळायला बसायची, आणि तरीही तिच्या नखांच्या कडेला तो वास राहिलेलाच असायचा. मला ताप आला की ती शेजारी बसून कपाळावर हात ठेवायची आणि मी डोळे मिटून तो वास ओढून घ्यायचे. औषध नंतर यायचं. बरं वाटायला आधीच सुरुवात झालेली असायची.

एकदा आईने वातींसाठी आणलेला वावरातला कापूस मी ताईच्या डब्यात भरायला घेतला, तर ती हसली. वाटीभर पाण्यात तिने एक बोंड सोडलं. ते तरंगत राहिलं, कोरडं. "हा पाणी पीत नाही," ती म्हणाली. कच्च्या कापसाच्या धाग्यावर मेणाचा पातळ थर असतो. तो क्षाराच्या पाण्यात उकळून काढावा लागतो, धुऊन पांढरा करावा लागतो, तेव्हा कुठे तो दवाखान्याचा कापूस होतो, स्पिरिट पितो, रक्त टिपतो. मी कितीतरी वेळ त्या वाटीकडे बघत बसले होते.

लसीकरणाच्या सत्राच्या दिवशी ताईचा वास जास्त गडद असायचा. खांद्याला लावलेला तो निळा डबा, त्यातले बर्फाचे पॅक, डाव्या दंडावर बीसीजी, मांडीवर पेंटा, लेकरांचं एकसुरात रडणं, आणि आयांच्या पदराआडून येणारी कुजबुज, "सिस्टरबाई, लई दुखंल का वो?" नियमाने पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र. त्या पाच हजारांत कुणाचा कितवा महिना आहे, कुणाचं रक्त कमी आहे, कुणाची सासू गोळ्या खाऊ देत नाही, हे ताईला कागद न बघता ठाऊक असायचं. मला वाटतं, अशा बाईच्या डोक्यात एक अख्खं गाव झोपतं न् उठतं. त्याला कुठल्या परीक्षेत गुण नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

पण तिच्या मनात एक गोष्ट सलत होती, आणि ती तिने फार उशिरा सांगितली. एखाद्या बाळंतिणीला रक्त जास्त जायला लागलं की ताई आपल्याला येतं ते सगळं करायची, इंजेक्शन द्यायची, पोट चोळायची, सलाईन लावायची, 108 ला फोन करायची, चिठ्ठी लिहायची. मग गाडी यायची. दार लागायचं. धूळ उडायची आणि ती रस्त्यावर उभी राहायची. सेलूच्या उपजिल्हा रुग्णालयातून परभणी, परभणीहून कधी कधी नांदेड. दोन-चार दिवसांनी आशाताई सांगायची, बाई आली परत, किंवा नाही आली. मधलं काहीच कळायचं नाही. "दार लागल्यावर आत काय करतात गं?" एका रात्री तिने मला विचारलं. जसं काही मला ठाऊक असणार होतं. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते, आणि अंधारात तो वास दरवळत होता.

त्यानंतरच घरात जीएनएमचे, नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणाचे, फॉर्म आले.

आमच्याकडे एएनएमला पुढे जायला मधला पूल नाही. जीएनएमला प्रवेश मिळतो, आणि इतरांना असलेली 35 वर्षांची अट एएनएमला लागत नाही, एवढी एक मोकळीक. पण केलेल्या नोकरीचं एक वर्षही त्यातून वजा होत नाही. बारावी नुकतीच झालेल्या पोरींच्या शेजारी बसून पूर्ण तीन वर्षं. थेट बीएस्सी करावी तर चार वर्षं, आणि बारावीला विज्ञान हवं, ताईचं कला होतं. म्हणजे वाट ठरलेली होती. आधी जीएनएम, त्याची नोंदणी, मग जमलं तर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी. कुठल्या दारातून आत जायचं, एवढंच निवडायचं होतं, आणि तेच जड होतं. कंत्राटी नोकरीला एवढी रजा कुठली, ती सोडावीच लागणार होती. तिचं लेकरू तेव्हा नुकतं शाळेत जायला लागलं होतं.

ते दिवस मला फार आठवतात. कंदिलाच्या काळातले नव्हेत, चांगला ट्यूबलाइटचा उजेड होता, पण आठवताना सगळं मंद दिसतं. आई शेंगा फोडत बसलेली, भाऊजी दाराशी, मध्ये पसरलेले कागद. जालना, परभणी, नांदेड, अंबाजोगाई अशी नावं घरातल्या घरात फिरायची. एक कॉलेज अगदी जवळ होतं, नवं, रंगाचा वास न गेलेलं. रोज घरी येता आलं असतं. आईचं मन तिथेच होतं, आणि कुठल्या आईचं नसतं? ताई जाऊन कॉलेज आणि त्याचा दवाखाना बघून आली. इमारत छान आहे, म्हणाली. मग बराच वेळ गप्प राहिली. "कॉटा रिकाम्या आहेत गं, आई." त्या एका वाक्यात तिचा निर्णय झाला होता हे मला तेव्हाच कळलं. नर्सिंग कौन्सिलच्या नियमात एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत असं आहे. ताईने तो नियम वाचला होता की नाही, ठाऊक नाही. तिने कॉटांकडे बघितलं होतं.

आणि तिने नांदेड घेतलं. तिथल्या मोठ्या सरकारी दवाखान्याचे वॉर्ड ओसंडून वाहतात म्हणून घेतलं, सेलूच्या स्टेशनवरून गाडी थेट जाते म्हणून घेतलं, पण मला वाटतं, सगळ्यात जास्त यासाठी की तिची ती गाडी, धूळ उडवत गेलेली, शेवटी तिथेच पोचायची.

मानवत रोड, परभणी, पूर्णा. त्या फलाटांवरून माझी बहीण पुन्हा विद्यार्थिनी व्हायला गेली. बाळंतपणं केलेल्या हातांनी पहिल्या वर्षी चादरीचा कोपरा कसा दुमडायचा ते शिकली. शरीररचना, सूक्ष्मजीव, मानसशास्त्र, इंग्रजी शब्दांच्या बाजूला मराठीत लिहिलेले उच्चार. पुस्तकात तिला काशीबाई गणपत भेटल्या, 1891 मध्ये मुंबईत नर्सिंगचं प्रशिक्षण घ्यायला आलेल्या, अशी शिकणारी पहिली भारतीय बाई म्हणून नोंदलेल्या. त्या रात्री तिने फोनवर त्यांचंच सांगितलं. "कुणाला विचारून आल्या असतील गं त्या?" एवढंच.

सुट्टीला ती घरी आली की लेकरू तिच्या कुशीत शिरायचं आणि मी जरा लांबून बघायचे. तिचा वास बदलला होता. स्पिरिट होतंच, पण आता त्यात आयोडीनचा पिवळट वास होता, फिनेलचा होता, रात्रपाळीनंतर न झोपलेल्या अंगाचा होता. मला तो आधी परका वाटला. मग हळूहळू त्याचीही ओढ लागली. माणसं बदलतात ती आधी नाकाला कळतात, असं मला तेव्हा वाटून गेलं.

तिसऱ्या वर्षी प्रसूतिशास्त्र आलं, आणि लेबर रूमची ड्युटी. परभणीकडून गाड्या यायच्या. स्ट्रेचरवरच्या बाईच्या उशाशी घडी घातलेली, घामाने ओली झालेली चिठ्ठी असायची. घाईत ती बाजूला पडायची. ताई ती उचलायची, उलगडायची, पूर्ण वाचायची. बाळंतपण किती वाजता, इंजेक्शन कोणतं, कधी, रक्त किती गेलं. कुठल्यातरी उपकेंद्रात, बॅटरीच्या उजेडात, एका हाताने पोट चोळत दुसऱ्या हाताने लिहिलेलं. ते अक्षर तिला ओळखीचं वाटायचं, कुणाचंही असलं तरी. "वर कुणी वाचत नसंल तर खाली तिनं लिहावं कामून?" हे सांगताना तिचा आवाज कापरा झाला होता. आणि दार लागल्यावर आत काय करतात, हे आता ती करत होती. रक्ताची पिशवी तपासत होती, नाडी मोजत होती, बाळंतिणीच्या कानाशी वाकून बोलत होती. काही परत गेल्या. काही नाही गेल्या. त्या न गेलेल्यांबद्दल ती घरी कधी बोलली नाही. फक्त अशा रविवारी ती लेकराला फार वेळ जवळ घेऊन बसायची.

आता मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत तिची नवी नोंद आहे, नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसाविका. ते पत्र आईने देवघरातल्या डब्यात ठेवलंय. अधूनमधून शेजारपाजारच्या एएनएम झालेल्या पोरी येतात, ओट्यावर बसतात, कोणतं कॉलेज घेऊ विचारतात. ताई त्यांना आधी कौन्सिलच्या यादीत नाव बघायला लावते, मग म्हणते, संध्याकाळी जा, नातेवाईक भेटायला येतात त्या वेळेला. व्हरांड्यात किती माणसं आहेत बघ. रात्री पोरींसोबत शिकवणारं कोण थांबतं ते विचार. फी नंतर विचार.

पोस्ट बेसिकचे फॉर्म यंदा पुन्हा आले आहेत. ताई अजून ठरवत नाही. लेकरू पाचवीत जाईल, भाऊजी हो म्हणतात, आई काहीच म्हणत नाही. फॉर्म टेबलावर आहेत. परवा मी त्यातला एक उचलून बघितला, तर ताईने मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलने तीन गावांची नावं लिहून ठेवली होती, आणि प्रत्येकापुढे तिथल्या दवाखान्यातल्या कॉटा.