लोहगडाशेजारच्या वाटा

लोहगडावरच्या गर्दीविषयी तक्रारीच्या सुरात लिहिणे हा आता एक स्वतंत्र लेखनप्रकारच होऊ पाहतो आहे. त्यात भर घालण्याचा माझा हेतू नाही. मला गेली काही वर्षे छळणारा प्रश्न वेगळा आहे. गर्दी टाळून ज्यांवरून चालता येईल अशा वाटा त्याच डोंगररांगेत आहेत आणि त्यांतल्या काही मला ठाऊक आहेत. त्या सांगाव्यात की सांगू नयेत?

आधी गर्दीचे स्वरूप पाहू. मळवली स्थानकावर उतरून, द्रुतगती महामार्ग ओलांडून भाजे गावात आले की चढणीची वाट गायमुख खिंडीकडे जाते. खिंडीत उजव्या हाताला लोहगड, डाव्या हाताला विसापूर. आता मोटारी थेट लोहगडवाडीपर्यंत जातात, आणि तिथून गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडून माथ्यावर पोचता येते. ही नागमोडी, अरुंद, तटाबुरुजांच्या माऱ्याखालून जाणारी वाट दुर्गस्थापत्याचा उत्तम नमुना आहे. चाल करून आलेल्या शत्रूला दाटीवाटीने, एका रांगेत, वळणावळणावर अडून यावे लागावे, हाच तिचा उद्देश. पावसाळ्यातल्या रविवारी चढणारे आणि उतरणारे असे दोन लोंढे याच वाटेवर समोरासमोर येतात, तेव्हा ती आपले मूळ काम चोख बजावते. माणसे तासन्‌तास पायऱ्यांवर अडकून पडतात. गडाचा यात काही दोष नाही. तो गर्दी अडवण्यासाठीच बांधलेला आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून लोहगडाचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. त्यामुळे हा ओघ आटण्याची शक्यता नाही.

आता त्या वाटा. पहिली अगदी हाकेच्या अंतरावरची, विसापूरची. लोहगडापेक्षा हा किल्ला उंच आणि विस्ताराने मोठा, तरी कीर्तीने धाकटा. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि लगोलग लोहगड त्यांच्या हाती आला, कारण विसापूरच्या माथ्यावरून लोहगड तोफेच्या टप्प्यात येतो. पुढे इंग्रजांनी विसापूरचे दरवाजे पाडून टाकले. आज या गडाला लोहगडासारखे देखणे प्रवेशद्वार नाही, छायाचित्रात मावेल असा एखादा विंचूकाटा नाही. आहे ते लांबच लांब पसरलेले पठार, तटाची दूरवर जाणारी रेघ, पाण्याची टाकी, आणि भाद्रपदात त्या तटावर फुललेली सोनकी. इथे चालणाऱ्याला कुठे ‘पोचायचे’ नसते, म्हणून चालणे लांबते. पायऱ्यांवरून पाणी वाहणारी खिंडीकडची वाट मात्र आता रविवारी गजबजलेली असते, हेही सांगितले पाहिजे.

दुसरी वाट याच रांगेच्या पूर्व टोकाकडची, बेडशाची. भाज्याची बावीस लेणी पश्चिमाभिमुख, बेडशाची पूर्वाभिमुख. त्यामुळे सकाळच्या पहिल्या उन्हात बेडशाच्या चैत्यगृहाचे उंच स्तंभ उजळतात आणि त्यांच्या शिरावरची हत्ती, घोडे, बैल यांवर आरूढ झालेली स्त्रीपुरुषांची जोडपी जिवंत वाटू लागतात. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याच्या दानाचा लेख इथे आहे. दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकचा एक व्यापारी मावळातल्या या डोंगरात दान देतो, यावरून घाटवाटांवरून कोण कोण चालत होते याचा अंदाज येतो. कार्ल्याला एकवीरेच्या भक्तांची दाटी असते आणि भाज्याला लोहगडाच्या वाटसरूंची. बेडशाच्या सुमारे ४०० पायऱ्या चढताना मात्र आपल्याच श्वासाचा आवाज ऐकू येतो.

या लेण्याची एक हकीकत मला नेहमी आठवते. १८६१ पर्यंत इथे भित्तिचित्रांचे अवशेष होते. भेटीला येणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना बरे वाटावे म्हणून लेण्याची रंगसफेदी होत गेली आणि तिच्यात ती चित्रे गेली. पाहुण्याच्या स्वागतासाठी पाहण्याजोगी गोष्टच पुसून टाकायची ही रीत आपल्याकडे नवी नाही.

तिसरा पर्याय जागेचा नाही, काळाचा आहे. मार्गशीर्षातल्या एखाद्या मंगळवारी लोहगडावर जावे. धबधबा नसतो, ढग नसतात. दक्षिणेला पवनेचे पाणी, त्यापलीकडे तुंग आणि तिकोना, आणि हवा इतकी स्वच्छ की गडाने बोरघाटाच्या वाटेवर नजर कशी ठेवली असेल हे न शिकवता समजते. नाना फडणविसांच्या काळातली बांधीव विहीर निवांत पाहता येते. गर्दीचा लोहगड आणि हा लोहगड यांना एकच नाव आहे, इतकेच साम्य.

इथवर सांगितले आणि मूळ प्रश्न पुन्हा उभा राहिला. पावसाळा सुरू झाला की वर्गातली मुले विचारतात, “सर, गर्दी नसेल अशी एखादी जागा सांगा ना.” मी विद्यार्थी असताना अंधारबन आणि देवकुंड ही नावे मोजक्या भटक्यांच्याच तोंडी होती. तीही कधीकाळी कुणीतरी कुणाला ‘गर्दी नसलेली जागा’ म्हणूनच सांगितली असणार. पुढे देवकुंडला पावसाळ्यात मनाई हुकूम काढण्याची वेळ आली. पर्याय म्हणून सांगितलेली जागा काही वर्षांत स्वतःच पर्याय शोधण्याजोगी होते. सांगणारा नामानिराळा राहतो.

मराठी वाचकाला हे नवे नाही. आपल्याला गडांची ओढ लावली ती लेखकांनी. तळेगाव दाभाड्यात राहणाऱ्या गोनीदांच्या ‘दुर्गभ्रमणगाथे’ने एका पिढीच्या पाठीवर पिशवी चढवली. ते लिहिले नसते तर गड शांत राहिले असते असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. शिवाय ते खोटेही होईल, कारण निनावी शांततेत गडांचे दगड चोरीला जातात आणि टाकी बुजतात. पण त्या लेखनात वाट चालण्याला जितके पान मिळत असे तितके पोचण्याला मिळत नसे. वाटाड्या, त्याचे घर, त्याने दिलेली भाकरी, चुकलेली वाट, अंगावर आलेली रात्र हे सारे त्या वर्णनाचा भाग असे. आज जागेचे नाव आणि नकाशावरची खूण एवढेच हातोहात फिरते. मधली वाट गळून जाते आणि वाटेवरची माणसेही.

या माणसांचा विचार केल्याशिवाय माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. मावळाकडून शहराने आधी पाणी घेतले. पवना धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळला. ते पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी शेतकरी द्रुतगती महामार्गावर उतरले, आणि गोळीबारात तिघे गेले. पाण्यानंतर महामार्गासाठी जमीन गेली होती. आता शहराला मावळाचा रविवार हवा आहे. नेमका आषाढातला, म्हणजे भातलावणीच्या ऐन हंगामातला. गावच्या रस्त्यावर मोटारींची रांग लागली की औतही अडते आणि रुग्णही अडतो. दुसरीकडे हेही खरे की लोहगडवाडीतल्या किती तरी घरांची चूल पिठलं-भाकरीच्या त्या चार महिन्यांवर वर्षभर चालते. ‘गर्दी हटवा’ म्हणताना आपण कुणाच्या ताटातले हटवतो आहोत, हेही पाहायला हवे.

आणि गर्दी जीवही घेते. ३० जून २०२४ च्या रविवारी भुशी धरणाजवळच्या प्रवाहात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी, तोही रविवारच, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळून चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणे याच मावळात. हजारो माणसे एकाच दिवशी एकाच ठिकाणी जातात, कारण त्यांना दुसरे ठिकाण कुणी सांगितलेले नसते. अशा वेळी ‘मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही’ ही भूमिका कितीही शुद्ध वाटली तरी ती मोजक्यांच्या सोयीची आहे. स्वतःची मोटार, सवडीचा मंगळवार आणि वाचनातून आलेली माहिती ज्यांच्याजवळ आहे त्यांनी एकांत राखून ठेवायचा, आणि आठवड्यातून एकच सुटी मिळणाऱ्या, लोकलने येणाऱ्या कामगार मुलाला ‘गर्दी’ म्हणायचे, हे मला पटत नाही.

म्हणून मी सांगतो. मात्र एकच एक जागा न सांगता चार निरनिराळ्या सांगतो आणि जागेच्या नावाआधी वाट सांगतो. बेडशाला जायचे तर कामशेतला उतरावे आणि पवनानगरच्या रस्त्याने पुढे जाऊन बेडसे गावाचा फाटा धरावा. पहाटे निघावे, म्हणजे स्तंभांवर ऊन येताना तिथे असाल. तीस-चाळीस जणांनी मिळून जाऊ नये, पाच-सहा पुरेत. जेवण गावातल्या एखाद्या घरी आधी सांगून ठेवावे आणि घासाघीस करू नये. वाट खाचरांतून जात असेल तर बांधावरून एकामागे एक चालावे. लावणी चालू असेल तर थांबून विचारावे आणि मगच पाऊल टाकावे, कारण पावसात भिजलेला बांध एका पायाने खचतो आणि तो पुन्हा घालायला त्या घरातल्या माणसाची अर्धी सकाळ जाते.