ताई, गेम घेतेस का?

मॉलमध्ये तीन हजारांचे सँडल्स घ्यायला मला पाच मिनिटं पुरतात. 'एल्डन रिंग नाइटरेन' हा गेम घ्यायचा की नाही, हे ठरवायला तीन आठवडे लागले. हसू नका! सँडल्स घरी आणले की ते रोज रात्री पाऊण तास मागत नाहीत.

गेम्सच्या वाटेला न जाणाऱ्यांसाठी थोडक्यात ओळख. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीचा 'एल्डन रिंग' २५ फेब्रुवारी २०२२ ला आला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी, आणि त्या जगाची पूर्वकथा लिहिणारे 'गेम ऑफ थ्रोन्स'वाले जॉर्ज आर. आर. मार्टिन. तलवारी, जादू, पडके किल्ले, आणि जरा कुठे जम बसतोय असं वाटलं की तुम्हाला एका फटक्यात चिरडणारं काहीतरी अगडबंब. लोक शंभर वेळा मरतात, शिव्या घालतात आणि पुन्हा खेळायला बसतात. अशा या गेमच्या तीन कोटींवर प्रती खपल्यात. आता बोला!

'नाइटरेन' हे त्याचंच धाकटं भावंड, ३० मे २०२५ ला आलेलं. मूळ गेममध्ये तुम्ही एकटे, वाट्टेल तितके दिवस भटकता. मुख्य गोष्ट संपवायलाच पन्नास-साठ तास सहज जातात. इथे मात्र सगळी घाई. तिघांची टोळी, गेममधले तीन दिवस, आणि खऱ्या घड्याळात साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. पहिले दोन दिवस धावत सुटायचं, शस्त्रं जमवायची. रात्र जवळ आली की भोवतीचा पाऊस आत आत सरकत येतो, जागा आवळत जाते आणि समोर एक बॉस उभा राहतो. तिसऱ्या दिवशी थेट सर्वांत मोठा राक्षस. हरलात की पुन्हा पहिल्या दिवसापासून. हाती उरतात त्या पुढच्या खेपेला थोडंसं बळ देणाऱ्या काही वस्तू, बस्स.

हे सगळं मी का वाचत बसले? तर धाकट्याचा मेसेज आला म्हणून. "ताई, हा गेम घेतेस का? दोघं खेळू."

धाकटा सहा वर्षं स्टुटगार्टला आहे. बाबा गेल्यापासून आमचे फोन म्हणजे ऑफिसची स्टेटस मीटिंग झालेत. आईच्या बीपीच्या गोळ्या आणल्या का, सांगलीच्या घराची गच्ची गळतेय त्याचं काय, बँकेत नॉमिनीचा फॉर्म कुणी भरायचा. मग "चल, कॉल आहे मला" असं दोघांपैकी एक जण म्हणतो आणि दुसऱ्याला हायसं वाटतं. भांडण नाही हो, अजिबात नाही. भांडायलाही काहीतरी बोलावं लागतं ना!

त्यामुळे मेसेज वाचून एकदम सही वाटलं. पण मग मी बारीक अक्षरं वाचायला लागले. (सवय आहे, ऑफिसात कॉन्ट्रॅक्ट्स वाचते.)

पहिली गंमत म्हणजे हा गेम आला तेव्हा एकट्याने खेळा, नाहीतर तिघांनी. दोघांची सोयच नव्हती! दोघं मित्र असाल तर तिसरा कुणीतरी अनोळखी गडी टोळीत घ्यायचा. लोकांनी बोंब मारल्यावर ३० जुलै २०२५ च्या अपडेटमध्ये दोघांनी खेळायची सोय आली. म्हणजे पहिल्या दिवशीच उडी मारली असती, तर आम्हा भावंडांत एक परका दोन महिने बसला असता.

दुसरी गोष्ट, कुठल्या यंत्रावर खेळायचं. आमच्याकडे प्लेस्टेशन ५ आहे, नवऱ्याने फुटबॉलसाठी घेतलेला. धाकट्याने हा गेम आधीच आपल्या कम्प्युटरवर घेतला होता. आणि पीसीवाल्यांनी पीसीवाल्यांशी, प्लेस्टेशनवाल्यांनी प्लेस्टेशनवाल्यांशीच खेळायचं, असा नियम. म्हणजे तोच गेम, तेच पैसे, पण दोन वेगळे वाडे आणि मध्ये भिंत. तुम्ही कुणासोबत खेळायला म्हणून असा गेम घेणार असाल, तर बाकी काही विचारू नका, हे आधी विचारा.

पैशांचं म्हणाल तर अमेरिकेत किंमत चाळीस डॉलर, म्हणजे आपले साधारण साडेतीन हजार. वर प्लेस्टेशनवर ऑनलाइन खेळायचं तर त्यांची प्लस मेंबरशिप लागते, ती वेगळी. आणि त्यांच्या दुकानातून एकदा डाउनलोड सुरू केलं की 'आवडला नाही' म्हणून पैसे परत मिळत नाहीत. डिस्क घेतली तर नंतर विकता तरी येते. फ्लॅटचा इएमआय, प्लेग्रुपची फी, गाडीचा इन्शुरन्स एवढं सगळं चालू असताना साडेतीन हजार काही जड नाहीत, पण डोळ्यावर येतात हे खरं.

खरी अडचण घड्याळाची. जर्मनी आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. लेक साडेनऊला झोपते, ओटा आवरून मी साडेदहाला मोकळी. त्याचे तेव्हा सहा किंवा सात वाजलेले, नुकता ऑफिसातून आलेला. एक फेरी साडेअकरापर्यंत. दुसरी खेळलो तर मध्यरात्र, आणि सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये माझा राक्षस वेगळाच. शिवाय हे प्रकरण मध्येच थांबवता येत नाही. लेक "आईऽऽ" करत उठली, तर मी तिकडे जाणार आणि इकडे माझा योद्धा भर पावसात ढिम्म उभा राहणार!

तीन आठवडे मी हेच घोळवत होते. नवऱ्याचं मत एका वाक्यात: "घेऊन टाक, नाही खेळलीस तर मी खेळेन." हा माणूस प्रत्येक खरेदीबद्दल हेच म्हणतो.

मध्येच एका रात्री जुना 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवला. दोन हजार एक-दोनचा सुमार, सांगलीच्या घरी सेकंडहँड कम्प्युटर, आणि एका कीबोर्डवर आम्ही दोघं. बाणांची बटणं माझी, शिफ्ट त्याचं. म्हणजे धावायचं-उडी मारायची मी, आणि कड्याला लटकायचं त्याने. मी उडी मारायचे आणि हा वेळेवर शिफ्ट दाबायचा नाही. राजपुत्र खाली खिळ्यांवर! राजकन्येला सोडवायला तासभर मिळायचा, त्यातली निम्मी मिनिटं आमच्या मारामारीत जायची. बाबा मेन स्विच बंद करायचे. पण त्या तासात आम्ही जे बोलायचो, ते काहीतरी 'विषय काढून' बोलायचो नाही. हात गुंतलेले असले की तोंड आपोआप सुटतं.

मला भीती साडेतीन हजारांची नव्हतीच. उत्साहाने घेऊ, दोन शनिवार खेळू, मग माझी डेडलाइन, त्याचा प्रवास, आणि आधीच्या न उचललेल्या कॉल्सच्या जोडीला आणखी एक न खेळलेला गेम. आत्ता निदान गोळ्या आणि गच्ची तरी आहे. तेही अवघडून गेलं तर?

हे त्याला सांगितलं नाही. फक्त एवढंच विचारलं, तुझा तर पीसीवर आहे, मग आपण खेळणार कसे? तर म्हणाला, "मी प्लेस्टेशनसाठी पुन्हा घेतो की. माझ्याकडे आहे प्लेस्टेशन." ऐकणारे तुम्ही असाल तर तुम्हाला काही वाटणार नाही. पण हा माणूस विमानतळावर पाण्याची बाटली विकत घेत नाही. एकदा घेतलेला गेम दुसऱ्यांदा विकत घ्यायला निघाला होता.

त्याच रात्री घेतला. मेंबरशिप तीनच महिन्यांची, वर्षाची नाही. ठरलंय ते फक्त शनिवारी, साडेदहाला, एक फेरी. लेक उठली तर मी उठणार, आणि त्याने एकट्याने काय ते निभावायचं. आईच्या गोळ्यांचा विषय खेळताना काढायचा नाही, त्यासाठी रविवार आहे.

सुरुवातीला कुठला योद्धा घेऊ म्हणून विचारलं. एकूण आठ होते, डिसेंबर २०२५ च्या पुरवणीत आणखी दोन आले. या गेममध्ये जोडीदार पडला तर त्याला उठवायला त्यालाच हाणावं लागतं, ही माहिती मला फार आवडली होती, तीही सांगितली. उत्तर लगेच आलं.

"तू आयर्नआय घे. धनुष्यवाला आहे, मी पडलो की लांबूनच हाणता येईल. बाण तुझेच, ताई."