सोवळी सुई

तिला लोखंड चालत नाही. खिशातल्या किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, सगळं बाहेर ठेवायचं आणि मगच तिच्या खोलीत शिरायचं. एवढं सोवळं पाळूनही आत दिसते ती अंधारात बारीक धाग्याला टांगलेली एक चुंबकसुई. पाहणाऱ्याला वाटतं, नुसती लोंबतेय. पण दिवस चढतो तशी ती किंचित वळते, उतरला की माघारी येते.

पृथ्वी हाच एक मोठा चुंबक, असं विल्यम गिल्बर्टने 1600 साली लिहिलं. तो चुंबक घटकेघटकेला बदलतो, ही चहाडी मात्र पुढे सुयांनीच केली.

हिचं माहेर कुलाब्याची वेधशाळा. 1859च्या सप्टेंबरात सूर्यावरचं वादळ पृथ्वीवर आदळलं, तेव्हा तिथली माणसं डोळ्यांनी बघून आकडे टिपत होती. पृथ्वीचं आडवं चुंबकीय बल सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरलं. आज शंभराची घसरण झाली तरी मोठं वादळ म्हणतात!

त्याच वर्षी नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस जन्मले. 1896 साली ते या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले आणि थोड्याच वर्षांत मुंबईत विजेच्या ट्रामची चाहूल लागली. रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह हिला कसा सोसावा? मूस यांनी तिच्यासाठी अलिबागला घर बांधलं. आपला काळा कातळ स्वतःच चुंबकी, म्हणून दगड पोरबंदरचा; धातू लागला तिथे तांबं-पितळ. शिवाय 1904 ते 1906 कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुना हिशेब नव्याला सांधता यावा. इमारत काय, पैसे असले की उभी राहते. ही दोन वर्षांची चिकाटी मला त्यांची खरी कमाई वाटते. 1846 ते 1905च्या नोंदींचे त्यांचे दोन खंड 1910 साली निघाले.

आता अलिबागच्या नोंदी येतात नवी मुंबईत, नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत. शेजारी कळंबोलीचं स्टील मार्केट! सळ्या, पत्र्यांची बंडलं, ट्रेलरच्या रांगा. सुई स्वतः इथे पाऊलही टाकणार नाही. 2003 साली संशोधकांनी कुलाब्याचे 1859चे ते आकडे नव्याने तपासले. तसं वादळ पुन्हा आलं तर उपग्रहांचं आणि वीजवाहिन्यांचं काय होईल, हे ताडून बघणारे जगभरचे लोक आता त्या आकड्यांचा आधार घेतात.