मेढ्याचा रस्ता आणि गोळ्यांचा रस्सा

साताऱ्याच्या स्टँडवरून मेढ्याची एस.टी. पकडलीत, तर खिडकीची जागा सोडू नका. रस्ता पंचवीसेक किलोमीटरांचाच, पण डोळ्यांना भरपूर खाऊ देणारा. शहर मागे पडलं की थोड्या वेळात कण्हेर धरणाचं पाणी दिसू लागतं. ही वेण्णा नदी. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, मेढ्यावरून खाली येते आणि पुढे माहुलीला कृष्णेला मिळते. म्हणजे आपण मेढ्याला चाललेलो असतो आणि नदी आपल्याला सामोरी येत असते, माहेरवाशिणीसारखी!

मेढा हे जावळी तालुक्याचं गाव, म्हणजे कचेरी, बाजारपेठ, दवाखाना, शाळा-कॉलेज या सगळ्यासाठी आसपासच्या वाड्यावस्त्यांनी यायचं ठिकाण. जावळी म्हटलं की आपल्याला आठवतात चंद्रराव मोरे, 1656 साली शिवाजी महाराजांनी घेतलेलं जावळीचं खोरं आणि 1659 चा प्रतापगड. ते इतिहासातलं जावळी गाव पार प्रतापगडाच्या बाजूला. तालुक्याला नाव राहिलं त्याचं आणि कारभार आला मेढ्याकडे. दक्षिणेला डोंगरावर कासचं पठार आहे. पश्चिम घाटातली जी ठिकाणं 2012 साली जागतिक वारसा ठरली, त्यांत ते आहे. फुलं बघायला गर्दी तिकडे जाते. महाबळेश्वरला जाणारी मंडळीही केळघरच्या घाटाने वर निघून जातात. मेढ्याला मुद्दाम थांबणारे थोडेच. पण आपण बायका थांबूया बरं का, कारण आपल्याला इथल्या चुलीशी काम आहे.

इथला पाऊस पाहिलात म्हणजे इथलं जेवण कळतं. वर महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो. त्याचा मोठा वाटा या खोऱ्यालाही मिळतो. आषाढात भाताची लावणी. डोक्यावर इरलं नाहीतर प्लॅस्टिकचा कागद, पाय घोटाभर चिखलात आणि कंबर दिवसभर वाकलेली. कुसुंबीसारख्या डोंगरावरच्या गावांतून नाचणी. अशा दिवसाच्या शेवटी घरी येऊन ओल्या लाकडांशी भांडणाऱ्या बाईला काय हवं असतं? एका पातेल्यात होईल, घोट घेतला की छातीत ऊब उतरेल आणि भातावर ओतलं की पोट भरेल, असं काहीतरी. त्यालाच आपल्या सातारा-कोल्हापूरकडे म्हणायचं अळणी.

नाव अळणी असलं तरी त्यात मीठ असतं हं! तिखट नसतं, एवढंच. मटण हळद, मीठ, आलं-लसूण घालून भरपूर पाण्यात शिजवायचं आणि तिखट मसाला पडण्याआधी वरचं पाणी वेगळं काढायचं. ते लहान मुलांना, म्हाताऱ्या सासूबाईंना, बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला. शहरातली हॉटेलं ज्याला ऐटीत सूप म्हणतात, ते आपल्या आज्या केव्हापासून वाटीत ओतून देत आल्या आहेत.

आता या खोऱ्यातल्या घरांची आणखी एक गोष्ट. इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला. मशीद बंदरचे धक्के, धान्याचे बाजार, पुढे वाशीचा बाजार. पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडी कामगारांत जावळी-पाटणची माणसं फार. या कामगारांसाठी 1969 साली राज्यात कायदा झाला, तोवर कष्टाला हिशेबच नव्हता. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर नुसत्या हातांनी कसाबची बंदूक धरून ठेवणारे शहीद तुकाराम ओंबळे हेही याच तालुक्यातल्या केडंब्याचे. मुंबई असा मोहरा घेऊन जाते आणि मागे घर, गोठा, शेत, म्हातारी माणसं हे सगळं सांभाळते ती बाई.

आणि एवढं सांभाळून ती जेवायला बसते केव्हा? शेवटी. हे काही जावळीपुरतं नाही. तुमच्या-माझ्या गावातल्या ब्लॉकमध्येसुद्धा तेच. बुधवारी पाव किलो मटण आणलं जातं. हाडं धरून तुकडे निघतात सहा-सात. दोन घरधन्याला, एकेक मुलांना, मऊसा बघून सासऱ्यांना, पाहुणा आला तर नळी त्याला. आणि आपल्या ताटात? रस्सा आणि बटाटा! "मला रस्साच आवडतो," असं आपणच म्हणतो, इतक्या वेळा म्हणतो की घरातल्यांना ते खरं वाटू लागतं. रक्त कमी आहे म्हणून डॉक्टर लोहाच्या गोळ्या लिहून देतात, त्या मात्र आपण नियमाने एकट्याने खातो.

म्हणून मैत्रिणींनो, एवढ्यासाठीच मी आज तुम्हाला मेढ्यापर्यंत आणलं. इथल्या अळणीत तुकड्यांऐवजी खिम्याचे गोळे सोडून बघा. हा पदार्थ मेढ्याच्या हॉटेलच्या पाटीवर शोधू नका, तिथे तो नसेल. अळणी इथलं, गोळा जगभरचा. कोफ्ता हा शब्द आला फारसीतून, कुटणे या अर्थाच्या क्रियापदावरून. मेक्सिकोतल्या बायका असेच गोळे घालून सार करतात, त्याला म्हणतात अल्बोंदिगास. त्या नावाच्या मुळाशी अरबी भाषेतलं एका लहानशा कवचाच्या फळाचं नाव आहे, म्हणजे गोळा केवढा करायचा ते नावातच आलं. आपण म्हणतो, सुपारीएवढा. माप सगळीकडच्या बायकांचं सारखंच!

तुकड्याला लहान-मोठं असतं, गोळ्याला नसतं. पंधरा गोळे, माणसं पाच, प्रत्येकाला तीन. मोजताना पाचवं ताट आपलं धरायचं, एवढाच या पदार्थातला मसाला.

साहित्य (पाच माणसांसाठी) :
मटणाचा खिमा पाव किलो, दोन-तीन नळ्या (दुकानदाराकडे वेगळ्या मागा), कांदे दोन, आल्याचा इंचभर तुकडा, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, मूठभर कोथिंबीर, डाळ्याचं पीठ दोन मोठे चमचे, तांदूळ एक मोठा चमचा, हळद अर्धा चहाचा चमचा, मिरपूड पाव चमचा, तेल, मीठ. तिखट खाणाऱ्यांसाठी कांदा-लसूण मसाला.

कृती :
दुकानातच मटण धुऊन घ्यायला सांगा आणि मग खिमा यंत्रातून दोनदा काढून घ्या. घरी आणून खिमा धुतलात तर पाणी धरतो आणि गोळे सुटतात.

आलं, लसूण, कोथिंबीर एकत्र वाटा. कुकरमध्ये चमचाभर तेलावर एक कांदा उभा चिरून परता, निम्मं वाटण, हळद आणि नळ्या घाला. सहा मोठे पेले, म्हणजे दीड लिटर पाणी आणि चहाचा चमचाभर मीठ घालून सहा-सात शिट्या काढा. तोवर शेजारच्या शेगडीवर भात होतो.

इकडे दुसरा कांदा अगदी बारीक चिरून घट्ट पिळून घ्या. खिम्यात तो कांदा, उरलेलं वाटण, मिरपूड, डाळ्याचं पीठ आणि अर्धा चहाचा चमचा मीठ घालून कणकेसारखं चार-पाच मिनिटं मळा. इथे कंटाळा करू नका. मिठाने आणि मळण्याने खिम्याला चिकटपणा येतो, त्यावरच गोळा टिकतो. अंडं लागत नाही. ओल्या हाताने सुपारीएवढे पंधरा गोळे वळा. राहिलेला खिमा सगळ्यांत वाटून टाका, सोळावा गोळा करू नका. सोळावा झाला की तो कुणाचा, हे तुम्हाला ठाऊकच आहे!

तांदूळ कोरडे भाजून पूड करा आणि थोड्या पाण्यात कालवून कुकरमधल्या रश्शात मिसळा. रश्शाला अंग येतं. आच मंद ठेवा. रस्सा खदखदत नको, नुसता हलत असावा. गोळे एकेक करून सोडा. पहिली पाच मिनिटं डाव घालू नका, भांडंच धरून जरा हलवा. मग झाकण टेकवून पंधरा मिनिटं शिजवा. एक गोळा मोडून बघा, आत लाली दिसली तर आणखी थोडा वेळ ठेवा. मोडलेला परत पातेल्यात टाका, मोजणीत तोही आहे.

मुलांना आणि म्हाताऱ्यांना हा रस्सा तसाच, मऊ भातावर, वर लिंबू पिळून. तिखट हवं असेल त्यांच्यासाठी कढईत तेल तापवून कांदा-लसूण मसाला जरासा परता, त्यावर तीन-चार डाव रस्सा ओता आणि एक उकळी काढा. पातेलं एक, चवी दोन, कुणासाठी वेगळा स्वैपाक नाही. बरोबर तांदळाची किंवा नाचणीची भाकरी आणि कच्चा कांदा. ऑफिसातून सहाला आलात तरी साडेसातला पानं मांडता येतील.

सोमवार-गुरुवार पाळत असाल किंवा श्रावण लागला असेल, तर हरभऱ्याची डाळ भिजवून जाडसर वाटा, तिचे गोळे करून आमटीत सोडा. मोजायचे मात्र तसेच.

एक शेवटचं. ताटं वाढताना आपलंही ताट त्याच वेळी वाढून घ्या, तिन्ही गोळ्यांसकट. पातेल्यात ठेवलेले गोळे आपले राहत नाहीत, कुणीतरी "अजून आहेत का गं?" म्हणतं आणि आपला हात आपोआप डावाकडे जातो. ताटात वाढलेले मात्र सहसा कुणी मागत नाही. आठवड्यातल्या एका साध्या बुधवारी एवढं करून बघा. घरातल्या कुणाचं काही कमी होणार नाही, आणि गरम रश्शाचा पहिला घोट तुम्हीही गरम असतानाच घ्याल.